कोनाड्यातली एक सुपारी

मुलांनो, तुमचे भाऊआजोबा गेल्याची बातमी आबासाहेबांच्या माणसाने घोड्यावरून बीडला माझ्याकडे आणली, आणि बातमीच्या आधी आबासाहेबांचा निरोप दिला. "आबासाहेबांनी सांगितलंय, बाईंनी कसलीच काळजी करू नये, समदं ते बघतील." काय बघतील, असं मी विचारलं तेव्हा तो खाली उतरला. "वकीलसाहेब गेले... तापानं." माणूस गेल्याचं सांगतानाही आपलं नाव पुढे ठेवायचं, हे आमच्या भाऊबंदांतल्या या चौसाळ्याच्या देशमुखांनाच जमतं. दहाव्याला त्यांनी डोळे पुसत भाषण केलं, की नरहरी गावासाठी झिजला. ते तुमच्या कानावर रंगूनपर्यंत येईलच, म्हणून हे लिहायला बसले. माझे दीर झिजले नाहीत. झिजायला नकार दिला, म्हणून ते इतकी वर्षं जगले.

भाऊजी बीडच्या कोर्टात वकील होते, घर मात्र चौसाळ्यालाच, तेव्हा आम्हा सगळ्यांचं एकत्र. ऐन उमेदीत, एका उन्हाळ्यात, त्यांची झोप उडाली. आपल्याकडे कुणाच्या गळ्यात काम घालायचं तर त्याच्यापुढे सुपारी ठेवतात. त्याने ती उचलली की शब्द दिला, मग मागे फिरणं म्हणजे नाक कापून घेणं. त्या उन्हाळ्यात भाऊजींनी समोर येईल ती सुपारी उचलली. देवळाच्या शिखराची, गावविहिरीची, परक्यांच्या लग्नांची, कुणाच्या दत्तकाच्या तंट्याची. उपरण्याच्या टोकाला सुपाऱ्यांची गाठ मारून ते गावभर हिंडत, डोळे चकाकत, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. गाव खूश होतं. शहाण्या माणसाचं डोकं फिरलं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. लक्षात आलं होतं, म्हणूनच तर दारात रांग लागली होती.

मग पाऊसकाळ सरता सरता सगळं ओसरलं. बिंदुसरेचा पूर गेल्यावर नुसती रेती उरते, तसा तो माणूस उरला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. यमुनेने, माझ्या जावेने, भाकरीचा तुकडा हातात दिला तर तो हातातच राहायचा. रांग लावणाऱ्यांपैकी कुणी फिरकलं नाही. आले ते आबासाहेब, आणि खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "कावून रे नरहरी? सुपाऱ्या उचलताना लई हौस होती. आता बाईवानी तोंड लपवतूस व्हय? शिखराचं काम अडलंय तिकडं."

मी तिथेच उभी होते, आणि माझं तोंड काही लपलेलं नव्हतं. "आबासाहेब," मी म्हटलं, "तुमचा बैल मरून पडला तरी तुम्ही त्याला औत ओढून मग मर म्हणाल." ते माझ्याशी बोलले नाहीत, खाटेशी बोलले. "इंग्रजी शिकलेली बाई घरात आणली की असं हुतंय."

देवऋषी, अंगारे, ताईत सगळं करून झालं होतं. मी नगरला शिकलेली, म्हणून तिथल्या डॉक्टरांकडे न्यायचं माझ्यावर आलं. त्यांनी दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं. मला ते समजलं, पण नावाने घरात काही बदलणार नव्हतं. कामाचं होतं ते पुढचं: हे हिवतापासारखं परत येतं, झोप मोडू देऊ नका, पेलेल त्याहून जास्त ओझं नको, आणि बरं वाटू लागेल तेव्हा सगळ्यात जास्त जपा. परतीच्या वाटेवर बैलांच्या दमणीत, आम्हा दोघी जावांसमोर बसून, भाऊजी डॉक्टरांची पथ्यं बोटांवर मोजत होते. मग म्हणाले, "वहिनी, ओझं किती ते मला कसं कळावं? मला तर तेव्हा डोंगरसुद्धा हलका वाटतो..."

"तुमाला न्हाई कळणार," यमुना म्हणाली. "कोनाड्याला कळंल."

बैठकीच्या दारालगत तळहाताएवढा कोनाडा होता. त्यात एक सुपारी ठेवायची. ती तिथे आहे तोवर दुसरी उचलायची नाही. काम पुरं झालं की अडकित्त्याने फोडायची, बसलेल्यांनी खायची, मग पुढची. जुन्या सगळ्या सुपाऱ्या भाऊजींनी घरोघर जाऊन परत केल्या, आणि लोकांनी त्या उष्टं घ्यावं तशा दोन बोटांनी घेतल्या.

खरी परीक्षा देवळात झाली. शिखर कसंबसं उभं राहिलं होतं, कलश चढवायला जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येणार होते, आणि आबासाहेबांनी भरल्या सभेत सगळ्या सोहळ्याची सुपारी ताटात घालून भाऊजींपुढे केली. भाऊजी तेव्हा बरे होत होते. नुकतेच परत हसू लागले होते, भरभर बोलू लागले होते, आणि त्याचीच मला धास्ती होती.

"कोनाड्यात बिरू धनगराची हाय," भाऊजी म्हणाले. "त्याच्या कुरणाचा निकाल लागू द्या."

"मग तालुकदारसाहेबाला काय सांगू? शेरडं चरंस्तवर थांबा म्हणून?"

सगळी सभा हसली. भाऊजीही हसले, आणि त्यांचा हात ताटाकडे जाऊ लागला. डोळ्यांत ती जुनी चकाकी मला बायकांच्या बाजूने दिसत होती. तेवढ्यात मागून बिरू उठला. "घ्या साहेब, तुमी मोठ्या लोकांचं काम घ्या. मी माझी मागं घेतो."

भाऊजींचा हात थांबला. "बस खाली, बिरू. तू मला मोकळं करशील, आन् मी मोकळा झालो की मला येड लागतंय."

लोकांना तो विनोद वाटला. कलश भाऊजींवाचून चढला, आणि शिखर काही कोसळलं नाही. बिरूच्या निकालाची सुपारी आम्ही पुढच्या संक्रांतीला फोडली.

दुखणं पुढेही दोन-चारदा डोकावून गेलं, पण पुन्हा त्यांना उचलून नेऊ शकलं नाही. केस पांढरे होईपर्यंत त्यांनी वकिली केली, मुलींची लग्नं केली, एका वेळी एक. गाव याला आळस म्हणे. झोप पातळ झाली की ते स्वतःच कोनाड्यात सुपारी ठेवत. एकदा मी विचारलं, "ही कुणाची, भाऊजी?" "माझीच," ते म्हणाले. "झोपायचं काम घेतलंय. लई अवघड मुकदमा हाय, वहिनी."

तेराव्याला आबासाहेब काठी टेकत आले आणि सुपारी तुमच्या माधवकाकापुढे धरली. "बापाचं नाव राखायचं तर धर्मशाळेचं काम तूच उचल, माधवा." माधव, भाऊजींचा एकुलता मुलगा, बाप गेल्यापासून नीट झोपला नव्हता. येईल त्याला शब्द देत सुटला होता, डोळे चकाकत होते... ती चकाकी मला ओळखीची आहे. त्याने हात पुढे केला. आणि जन्मभर आबासाहेबांशी दाराआडून बोललेली यमुना बाहेर आली.

"जागा न्हाई, आबासाहेब. कोनाड्यात हाय एक."

"अगं, ती मेलेल्या माणसाची!"

"त्यांचं झोपायचं काम झालं. आता ती माधवची हाय."

माधवने कोनाड्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मग आत जाऊन आडवा झाला.

सुतकाला आलेली मी अजून चौसाळ्यालाच आहे. ती सुपारी तिथेच आहे. यमुना रोज तिच्यावरची धूळ पुसते आणि परत ठेवते. आबासाहेब येताजाता दारातून मान लांब करून बघतात, कोनाडा रिकामा झाला का ते.