न फाकलेला ब्रश

आमच्या घरात दात स्वच्छ झाले की नाही, हे दातांकडे बघून कधीच ठरलं नाही. ते ब्रशकडे बघून ठरायचं. महिन्याभरात ब्रशचे केस चहूकडे फाकले की बाबा खूश. सरळ उभा राहिलेला ब्रश म्हणजे कामचुकारपणाचा पुरावा. लहानपणी ते माझा ब्रश उजेडात धरून विचारायचे, "हा तं नवाच दिसून राह्यला. तोंडात घालतो का नुसता धुऊन ठेवतो रे?"

मग मी दिवसातून तीन-तीनदा खराखरा घासायचो. थुंकीत लाल दिसलं तर समाधान वाटायचं; आज काम नीट झालं म्हणून. केनवडच्या बाजारातला दुकानदार आमच्यासाठी कडक ब्रश वेगळे काढून ठेवायचा. नरम ब्रश हे बाबांच्या मते लेकरांचं खेळणं होतं.

चाळिशी आली आणि माठातलं पाणी दाताला झोंबायला लागलं. कीड लागली असणार असं समजून मी आणखी जोरात घासू लागलो. शेवटी रिसोडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कीड नव्हतीच. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. हिरड्या मागे सरकून दातांची मुळं उघडी पडली होती.

"दोनदा पुरे. सकाळी आणि झोपताना. नरम ब्रश, पेनासारखा बोटांत धरायचा, दोन मिनिटं, हलक्या हातानं," त्या म्हणाल्या. "गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. आहे ती सांभाळा."

मला माझ्या हिरड्यांचं वाईट वाटायला हवं होतं, पण डोळ्यांपुढे आले बाबा. गेल्या साली शेतात हरभऱ्याची ओली झाडं जाळावर भाजून हुळा केला होता. आम्ही सगळे धुऱ्याच्या बांधावर बसून काळ्या हातांनी घाटे सोलत होतो, आणि बाबा "भूक नाही" म्हणून बैलांकडे निघून गेले होते. हुळ्याला नाही म्हणणारा माणूस आमच्या खानदानात जन्मला नाही. तरी मला काही कळलं नव्हतं. त्या खुर्चीत पडल्या पडल्या मला स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन त्यांच्यापुढे नरम ब्रश ठेवला.

"यानं काय निघते? कायले आणला?"

डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. "तिचं वय काय हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. मग मी दुसरीकडून गेलो.

"बाबा, सोयाबीन लहान असलं आन तण काढताना डवरा दाबून धरला, तं काय होते?"

"मुळं उघडी पडतात. झाड बसते खाली. हे कोनालेही समजते."

"हे मले तुमीच शिकवलं. दोन ओळी वाळवल्या होत्या मी, तवा."

बाबा उठून भिंतीवरच्या दाढीच्या आरशापाशी गेले, बोटानं ओठ वर केला आणि बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते पिकाच्या बुडाशी हात हलका करतात तसा ब्रश फिरवू लागले. कुरकुर मात्र चालूच. तीन महिने झाले तरी ब्रश फाकला नाही, याचा त्यांना फार त्रास झाला. रोज उजेडात धरून बघायचे आणि मान हलवायचे.

यंदाच्या हुळ्याला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी एक घाटा सोलून दाणा उजवीकडे टाकला, तोंड वाकडं केलं, तो डावीकडे घेतला आणि सावकाश चावला. आम्ही सगळे न बघितल्यासारखं करत होतो. मग दुसरा. मग मूठभर.

ओठ काळे झाल्यावर ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मागच्या साली लय दुखत होतं रे. आन वास लय चांगला येत होता."