बर्फाच्या मशीनची सरळ रेघ

नोकरी बोईसरच्या कारखान्यात आणि रविवारचं जेवण सातपाटीला, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. मी मूळचा साताऱ्याकडचा, त्यामुळे ताज्या बोंबलाचं कौतुक जरा जास्तच. तिथल्या एका छोट्या बर्फ कारखान्याच्या मालकाशी त्या जेवणांतूनच ओळख झाली. विजेचं बिल सगळं एकत्र येतं, त्यात बर्फाचं मशीन किती खातं ते कळत नाही, ही त्याची तक्रार. असलं काही ऐकलं की माझे हात शिवशिवतात. मशीनवर दर मिनिटाला किलोवॅट टिपणारं यंत्र बसवलं आणि त्या नोंदींच्या आलेखाच्या रेघेखालचं क्षेत्रफळ मोजून युनिटं काढणारा वीस ओळींचा प्रोग्रॅम एका बैठकीत लिहून टाकला.

उत्तर भलतंच आलं. दुपारी एक ते चार मशीन बंद ठेवायचं ठरलेलं, आणि माझ्या हिशोबात ते रोज धडधडत होतं. मालक भडकला. मशीन सांभाळणारे काका तिथे तरुणपणापासून होते. "मशीन चालू सोडून घरी झोपायला जातात! महिनाअखेरीला त्यांना निरोप देतो," तो म्हणाला. मी त्याला अडवलं नाही. आकडा माझा होता ना, मग तो चुकेल कसा?

काकांनी आलेख बघायला मागितला. डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला आणि दुपारच्या भागावर बोट ठेवलं.

"साहेब, ही रेघ सरळ कशी हाय? माझी मशीन दोन मिनिटं तरी सरळ चालते काय? बाकी सगळीकडं बघा, कशी थरथरते ती."

माझं तोंड एवढंसं झालं. काका मेन स्विचच बंद करायचे, म्हणजे नोंदी घेणारं यंत्रही बंद. दुपारच्या नोंदीच नव्हत्या. एकची शेवटची नोंद आणि चारची पहिली नोंद माझ्या प्रोग्रॅमने खुशाल सरळ रेघेने जोडून टाकली होती, आणि त्या रेघेखालची सगळी वीज काकांच्या माथी मारली होती.

नोंद नसेल तिथे शून्य धरायचं, एवढी एक ओळ वाढवली. दुपार रिकामी झाली. मालकाला समोर बसवून सांगितलं, चूक माझी आहे. लाज वाटली, पण छातीवरचा भारही उतरला. मालकाने काकांची माफी मागितली आणि चहा मागवला.

चहा पिताना काका हसत म्हणाले, "तुमी दर रविवारी येता. एकदा दुपारी इकडं डोकावला असता तरी कळलं असतं, मशीन चालू नाय."

खरंच होतं. त्या वेळी मी शंभर पावलांवरच्या खाणावळीच्या बाजेवर घोरत पडलेला असायचो.