सलादआत्याचं पथ्य

आमच्या घरी पानात पोळी पडायच्या आधी काहीतरी कच्चं पडायचं. काकडी, गाजर, मुळा, काही नसेल तर नुसती कोबी. ते संपेपर्यंत आत्या पोळीच्या डब्याला हात लावू द्यायची नाही. "पहिले ये, फिर बाकी," असं इथल्या हिंदीत बजावून समोर उभी राहायची. आमच्या स्नेहलतागंज मोहल्ल्यातली पोरं तिला सलादआत्या म्हणायची. लग्नाच्या बुफेतही ती ओळखीच्यांच्या प्लेटा तपासत फिरायची.

हा हट्ट गमतीतून आलेला नव्हता. तिचे यजमान ऐन चाळिशीत हार्टने गेले. सकाळी कचोरी, जेवणात भाजीच्या जागी शेव. हिरवं काही दिसलं की ताट सरकवायचे. ते गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि तिनं धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं, ताट ताब्यात घेतलं. बाबांना शुगर होती. "एक गेला माझ्यासमोर. तुला नाही जाऊ देणार, बाळ्या," ती म्हणायची. बाबा कुरकुरत खायचे. शुगर आटोक्यात राहिली.

मग तिच्याच किडन्या गेल्या. ब्लडप्रेशर कधीपासून वाढलेलं होतं, देव जाणे. सगळ्यांच्या ताटात डोकावणारी ही बाई स्वतः कधी डॉक्टरकडे गेलीच नव्हती.

डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी केळं, संत्रं, टोमॅटो, पालक, नारळपाणी, सगळं बंद केलं. बाकीची भाजी चिरून, भिजवून, उकळून, ते पाणी फेकून मगच खायची. "पोटॅशियम बढ़ा, तो दिल रुक जाएगा, माताजी."

"तो खाऊँ क्या?" आत्यानं विचारलं.

"साबूदाना चलेगा. मैदे की ब्रेड चलेगी."

ती हसली. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "जन्मभर ज्याला शिव्या दिल्या, तेच आता माझं पथ्य."

भेटायला येणारे फळंच घेऊन यायचे. ती सगळ्यांना हसून "ठेवा" म्हणायची आणि ते गेले की पिशवी शेजारी पाठवायची. सकाळी मात्र बाबांसाठी काकडी तीच चिरायची. बोटांना लागलेला रस पदराला पुसायची, चाटायची नाही.

बाबांना ते बघवेना. त्यांनी तिला न सांगता फळं सोडली, सलाद सोडलं. दोन महिन्यांत शुगर भडकली, पायाची जखम भरेना. तेव्हा आत्याला कळलं की सलादची वाटी रोज मागच्या दाराशी गाईला जाते.

एवढं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "माझी दया येते तुला? पाय कापतील तुझा!"

"अक्का, तुझ्यासमोर घशाखाली नाही उतरत गं."

"उतरव. मी बघत बसणार आहे."

ती खरंच रोज समोर बसली. बाबा खाली मान घालून खायचे आणि तिची नजर त्यांच्या तोंडावरून हलायची नाही. त्यात लक्ष होतं की भूक, मला अजून सांगता येत नाही.

पुढे शरीर डायलिसिस सोसेना. डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन सांगितलं, "घर ले जाइए. अब जो मन करे, खिला दीजिए."

आत्याला माझ्यासोबत घरी पाठवून बाबा थेट मंडईत गेले. पपई, संत्री, आमच्याकडची ती जाडजूड बालम ककडी, हाताला लागेल ते घेऊन आले. ककडी सोलून, नारिंगी गराची पातळ फोड त्यांनी तिच्या ओठांशी धरली. "खा अक्का. आता सगळं चालतं."

तिनं फोड तोंडात घेतली, जरा वेळ धरली आणि जिभेनं बाहेर ढकलली. तोंड आतून सोललेलं होतं. "काहीच लागत नाही रे," ती म्हणाली. मग हात उचलून ताटलीकडे दाखवलं. "वाया घालवू नको. तू खा."

बाबांनी तिच्यासमोर बसून सगळी ककडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

बाबांची शुगर आता ठीक आहे. रोज जेवायच्या आधी ते वाटी पुढे ओढतात आणि गोळी गिळावी तसं ते सगळं खातात. तेवढा वेळ आम्ही कोणी त्यांच्याशी बोलत नाही.