वुर्त्सबुर्गला राहायला जायचं का?

अनघाला उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, जायचं का म्हणून. अकरा वर्षांपूर्वी जपानात नागोयाला जायचं ठरलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, अंबरीषने आधी कंपनीला होकार कळवला आणि मग कोथरूडच्या घरी पेढे घेऊन आला. आता त्याच कंपनीने त्याला जर्मनीत, वुर्त्सबुर्गजवळच्या कारखान्यात जागा देऊ केली होती, आणि या खेपेला तो म्हणाला, "तू आधी शहर बघ. तू म्हणशील तसं. सोमवारी कळवायचंय."

म्हणून तिघं आली. त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीने, रुचाने विमानात जपानीतून एकच प्रश्न विचारला होता, तिथल्या शाळेत माझ्याशी बोलणार कोण? त्यावर दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं.

शहराने मात्र अनघाला पहिल्याच सकाळी गप्प केलं. माइन नदीवरचा जुना दगडी पूल, त्यावर दोन्ही बाजूंना संतांचे उंच पुतळे, आणि पलीकडे द्राक्षमळ्यांच्या डोक्यावर बसलेला किल्ला. लोक हातात वाइनचे पेले घेऊन कठड्याला टेकून गप्पा मारत होते, जणू हे सगळं रोजचंच. राजवाड्यात तर कहर झाला. जिना चढावा तसतसं वरचं छत उलगडत गेलं. एक अख्खं आभाळच रंगवलेलं, आणि त्याच्या चार कडांना चार खंडांच्या चार बायका; त्यातली हत्तीवर बसलेली, म्हणजे आपला आशिया.

"खाली एकही खांब नाहीये, बघ," अंबरीष कुजबुजला. त्याच्यातला इंजिनिअर हरखला होता.

अनघाने बघितलं नाही. तिची मान वरून खाली यायलाच तयार नव्हती.

मागच्या बागेत गुलाबांच्या ताटव्यांशेजारी बसून त्यांनी पाव खाल्ला, पाणी प्यायलं. रिकाम्या बाटल्या अनघाने पिशवीत टाकल्या. हॉटेलवालीने सांगितलं होतं, बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत केल्या की पैसे मिळतात. रात्री तिने त्या धुतल्या, झाकणं काढली, लेबलं सोलली आणि पायाखाली दाबून चपट्या केल्या. नागोयात पहिल्याच महिन्यात तिची कचऱ्याची पिशवी, नीट वेगळा केला नाही म्हणून, लाल चिठ्ठी लावून दाराशी परत आली होती. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मिझुनो-सान तिच्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसल्या आणि एकेक वस्तू हातात घेऊन शिकवत गेल्या. आता कावळ्यांनी उचकू नये म्हणून कचऱ्यावर जाळी घालायची पाळी आली की अनघा नव्या बिऱ्हाडांना शिकवते.

दुसऱ्या दिवशी यंत्राने तिच्या बाटल्या एकामागून एक बाहेर ढकलल्या. दुकानातली बाई आली, त्या नागव्या चपट्या बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या आणि इंग्रजीत म्हणाली, "लेबल लागतं हो, यंत्र तेच वाचतं. पण काय स्वच्छ धुतल्यात."

"आई, यामेते," रुचा दातांतून म्हणाली. म्हणजे, बस कर आता.

"इथेही जपानी कारभार," अंबरीष हसला.

"मग कुठला करणार? मला तोच येतो," अनघा म्हणाली. ती हसलीही, पण बाटल्या पिशवीत भरताना तिचा हात जरा रेंगाळला.

दुपारी तिघं नगरपालिकेच्या जुन्या इमारतीतल्या एका खोलीत शिरली तर समोर तेच शहर, पण जळालेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी एका रात्रीत बेचिराख झालेल्या गावाची प्रतिकृती. छप्परं नाहीत, नुसत्या भिंतींचे दात. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, काहीजण म्हणत होते हे अवशेष सोडा, दुसरीकडे नवं गाव वसवा. लोकांनी ऐकलं नाही. बायांनी ढिगाऱ्यातून विटा वेचल्या, घासल्या, पुन्हा लावायला दिल्या.

अनघा बाहेर आली आणि पुलापाशी थबकली. कालचाच पूल, पण आता त्याच्याकडे बघताना तिला त्या विटा घासणाऱ्या बाया दिसत होत्या.

संध्याकाळी नदीकाठच्या हिरवळीवर अंबरीषने विचारलं, "मग?"

"नाही जायचं."

"अगं, कालपासून तुझा आ मिटलेला नाही."

"अजूनही मिटत नाहीये. असं गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण ते बघायला बरं, अंबरीष. राहायचं म्हटलं की मला पुन्हा पहिल्या पिशवीपासून सुरुवात. नागोयात मी ते केलं, तेव्हा कुठे ते माझं झालं. आता ते सोडवत नाही. आणि रुचाच्या शाळेच्या प्रश्नालाही आपल्याकडे उत्तर नाही."

तो गवताची काडी सोलू लागला.

"मला हवी होती गं ही जागा."

"माहितीये."

तिने समजूत घातली नाही. तुला विचारलंच कशाला, असं तो म्हणेल याची तिला धास्ती होती. तो म्हणाला नाही. काडी टाकून दिली, म्हणाला, "सोमवारी नकार कळवतो."

रुचाने ऐकलं होतं. ती सरकून आईला टेकली. तेवढ्यात वर किल्ल्यावर दिवे लागले आणि त्यांचा उजेड खाली पाण्यात उतरला.

"थोडं थांबू या?" अंबरीष म्हणाला.

अनघाने मान डोलावली. उद्या परतायचं होतं. ती डोळे भरून बघत राहिली.