सतरंजीवरून उठलेले नाना

सोसायटीची सभा संपली आणि शेजारचे नाना सतरंजीवरून उठले. हात टेकला नाही, कुणाचा खांदा धरला नाही. नाना ब्याऐंशीचे. माझे वडील, अप्पा, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांना मात्र खुर्चीतून उठवायलाही मी लागतो. माझा जीव हेव्याने जळला.

"नाना, खाता तरी काय?" मी विचारलं.

"सूनबाईला विचार. सकाळी दोन अंडी, जेवणात उसळ, रात्री दही. नको म्हटलं की म्हणते, मग उद्या जिना मी चढवू का तुम्हाला?" नाना हसले.

मला हसता आलं नाही. चार वर्षं मी अप्पांना मऊ भात आणि पातळ वरण देतोय. या वयात पोटाला जड नको, हे मीच ठरवलं. पोट जपता जपता पाय उपाशी ठेवले. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, मांड्यांचे स्नायू झिजलेत, प्रथिनं वाढवा, थोडं चालवा. खरं सांगायचं तर मऊ भात माझ्या सोयीचा होता. पोटाची तक्रार नाही, माझी झोपमोड नाही. आता मला नानांपेक्षा त्या सुनेचा हेवा वाटतो. सासऱ्याशी रोज भांडायचा तिने कंटाळा केला नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांना मऊ शिजवलेल्या मटकीची उसळ वाढली. त्यांनी वाटी संपवली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अजून थोडी घेतली तर रागावशील का रे?"