मिरजेच्या शिंदेबरोबर पळून गेले, त्याची हकिगत

आमच्या भावकीत पळून गेलेली पहिली मुलगी मी. मी पळून गेले तेव्हा माझ्या पाठीवर नंबर होता, पुढे पोलिसांची गाडी होती आणि मागे रुग्णवाहिका होती. (एवढ्या सोयीनं पळून गेलेली मुलगी तुम्हाला दुसरी दाखवता येणार नाही!)

मी तेव्हा कराडला इंजिनिअरिंगला होते. म्हणजे हॉस्टेलच्या खोलीवर नाव माझं होतं. मी स्वतः सायकलवर असायचे. पहाटे कृष्णेच्या पुलावर असं धुकं साचलेलं असायचं, की पूल कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. दोन्ही बाजूंनी पाण्याचा गारवा, पलीकडे उसाला आलेले तुरे, कुठल्यातरी गुऱ्हाळावरून येणारा गोड वास, आणि खाली चाकांची बारीक सुरसुर. मला वाटायचं, आपण पायडल मारतच नाही, कुणीतरी आपल्याला अलगद पुढे नेतंय. त्या धुक्यातून मी पार राज्याच्या संघात, देशाच्या संघात, परदेशातल्या कुठल्यातरी बर्फाच्या घाटात जाऊन यायचे आणि मग उपाशीपोटी एम-थ्रीच्या तासाला बसायचे.

एम-थ्री म्हणजे गणित. फळ्यावर सर वक्ररेषा काढायचे आणि मला त्यात यवतेश्वर घाटाची वळणं दिसायची. एकदा सरांनी त्या रेषेवर बोट ठेवून विचारलं, "बोला, इथं स्लोप किती?"

मी तंद्रीतच म्हणाले, "छोट्या गिअरवर निघून जाईल, सर."

वर्ग हसला. माझा एम-थ्री राहिला.

आमचं घर आष्ट्याच्या अलीकडे, सांगली रस्त्याला लागून. सुट्टीला घरी गेले की मी आपली पडवीत पडून राहायचे आणि पंख्याकडे बघायचे. पंखा फिरायला लागला की त्याच्या पात्यांचं चाक व्हायचं, चाकाचा रस्ता व्हायचा आणि मी गालातल्या गालात हसायचे. मला वाटायचं हे कुणी बघत नाही. आई आणि आत्या मात्र स्वयंपाकघरातून बारकाईनं बघत होत्या.

"वन्सं, पोरगी पंख्याकडं बघून हसतीया," आई कुजबुजली.

"जेवताना पाय हलवतीया, ते बघितलंस? झोपंत म्हनं 'आता सोडू नको, आता सोडू नको' म्हनत हुती."

"आन् कोंबडं आरवायच्या आदी तिचा मोबाईल वाजतोय."

"वैनी," आत्यानं लाटणं खाली ठेवलं, "ह्यो आजार मला ठावं हाय. पोरगी कुनाच्या तरी नादाला लागलीया!"

निदान अगदी बरोबर होतं. फक्त ज्याच्या नादाला लागले होते त्याला दोन चाकं होती.

माझे वडील, तात्या, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ते कमी बोलतात, आणि बोलले की तो हुकूम असतो. कराड ते सांगली मुलींची रेस जाहीर झाली तेव्हा त्यांनी मला समोर उभं केलं. "पैल्या तिघीत आलीस तर फुडचं बघू. न्हाईतर सायकल माळ्यावर जाईल आन् तू पुस्तकात. कळलं?"

"व्हय तात्या. पन रेस आपल्या रानापासनंच जानार हाय. बघाया उभं ऱ्हाशीला?"

"त्या दिवशी उसाला पानी हाय."

विषय संपला. माझं मन मात्र कुठलं ऐकतंय! त्या दिवसापासून मला एकच स्वप्न पडायला लागलं. रस्त्याच्या कडेला तात्या उभे आहेत, मी घोळका मागे टाकून एकटीच पुढे येतेय आणि तात्या हात वर करून म्हणताहेत, "शाब्बास!" हे स्वप्न मी झोपेत बघायचे, जागेपणी बघायचे आणि एम-थ्रीच्या फेरपरीक्षेचा अभ्यास करताना तर सलग बघायचे. खरं सांगते, मला पहिल्या तिघींपेक्षा ते शाब्बास जास्त हवं होतं.

आता आमच्या कोचची ओळख. हे सर जुने पैलवान. इंग्रजीशी त्यांचं पूर्वीपासून वाकडं, म्हणून सायकलिंगची सगळी भाषा त्यांनी मराठीत आणली होती. पुढच्या सायकलच्या आडोशानं वारा चुकवत जायचं म्हणजे 'धरून ऱ्हायाचं'. आणि घोळक्यातून अचानक सुटून एकदम पुढे निघून जायचं, ज्याला बाकीचे लोक ब्रेकअवे म्हणतात, ते म्हणजे 'पळून जायाचं'. आम्ही मुली भर बाजारात चहाच्या टपरीवर बिनदिक्कत बोलायचो, "ह्या वेळी मी पळून जाणारच! तू येतीस का बरोबर?" टपरीवाला आम्हाला जरा जास्तच अदबीनं चहा द्यायचा.

रेसच्या दिवशी पेठ नाका ओलांडला आणि मी पळून गेले. बरोबर मिरजेची शिंदे आली. अंगानं काटक, पायात जबरदस्त दम, आणि तोंडातून शब्द नाही. आम्ही आळीपाळीनं वारा घेत निघालो. मागे घोळका दिसेनासा झाला. मला वाटलं, हेच ते, ह्याच्यासाठी आपण जन्माला आलो!

मागच्या जीपमधून हे बघून सरांना राहवेना. आनंदानं त्यांनी तात्यांना फोन लावला. पुढचा संवाद मला नंतर तात्यांच्या तोंडून कळला.

"सुभेदारसाब, पेढं वाटा! तुमची लेक पळून गेली!"

तात्यांच्या हातातलं खोरं पडलं. "क... कवा?"

"आत्ताच की, पेठ नाक्याच्या फुडं!"

"कुनासंगं?"

"मिरजेचं शिंदे हाय संगं. लय दमाचं हाय! दोगंबी एकमेकाला धरून चाललीत बगा, आता कुनाच्या बापाला घावायची न्हाईत!"

(हे बापालाच!)

"आन् हे तुमी मला हसत सांगताय?"

"आवं, मीच सांगितलं तिला, आता मागं बघू नगं, जा पळून! सा म्हैनं तयारी चालली हुती आमची!" एवढं बोलून सरांची जीप रेंजच्या बाहेर गेली.

तात्या चिखलाच्या पायांनी घरात आले. आत्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी बोल्ले हुते! रेसच्या नावाखाली डाव साधला!" आईनं डोळ्याला पदर लावला, पण रडता रडता विचारलंच, "शिंदे म्हंजी आपल्यातलंच का वो?" तोवर चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, बोलेरो काढली. फार लांब जावं लागलंच नाही. पळालेली मुलगी स्वतःच्याच घरावरून चालली होती!

आधी सायरन वाजवत पोलिसांची गाडी गेली. नानांचा चेहरा उतरला. "दादा, पोलिस संरक्षन बी घेतलंय गं बाई त्यांनी!" (घाबरले की नाना बायकांसारखं बोलतात.)

"घेऊ दे," तात्या म्हणाले आणि रस्त्यावर उतरून त्यांनी दोन्ही हात वर केले.

इकडे मी वळणावरून आले. कोवळं ऊन उसाच्या पानांवर पसरलं होतं, वारा पाठीशी होता, आणि समोर, अगदी स्वप्नात दिसायचे तिथे, तात्या उभे होते. हात वर करून! उसाचं पाणी सोडून माझ्यासाठी आले होते. एकटे नाही, अख्खं घर घेऊन! आई तर आनंदानं रडत होती. तात्या काहीतरी ओरडत होते. ते "थांब! थांब!" म्हणत होते, पण माझ्या कानाला "शाब्बास! शाब्बास!" असंच ऐकू आलं. माझे डोळे भरले. मला काही सुचेना. मी दोन्ही हात सोडले आणि तात्यांना टाटा केला.

त्यानंतर मी उसात होते.

शिंदे बिचारी चांगली मुलगी. जोडीदारीण पडलेली बघून तिनं वेग कमी केला, आणि तेवढ्यात नानांनी मागून तिचं सीट धरलं. "घावला! दादा, घावला!"

आत्या कमरेला पदर खोचून पुढे झाली. "का रं भाड्या, आमच्या पोरीला..."

शिंदेनं हेल्मेट काढलं. आतून तेल लावून घट्ट घातलेली वेणी पाठीवर पडली. "आवं आत्या, मी शीतल. माझं सीट सोडाया सांगा की."

"अगं बया! पोरगीच हाय की ही!"

मी उसाच्या सरीतून डोकं वर काढलं. नेमका त्याच वेळी मागचा सगळा घोळका सूं करत आमच्या समोरून गेला. नाना बघतच राहिले. "दादा, ह्या समद्याच पळून चालल्यात का काय?"

पाठोपाठ सरांची जीप आली. त्यांनी डोक्याला हात लावला. "सुभेदारसाब, आवं पळून गेली म्हंजी घोळक्यातनं सुटून फुडं गेली वो! पैल्या दोगीत हुती तुमची लेक, तुमी आडवं पडस्तवर!"

तात्यांनी वर केलेले हात खाली घेतले. मग उसात शिरले, मला बखोटीला धरून बाहेर काढलं, सायकलची चेन स्वतःच्या हातानं बसवली आणि म्हणाले, "बस!" शिंदे तोवर घोळक्याच्या मागे सुसाट सुटली होती. मी बसले. तात्यांनी सीट धरलं आणि चिखलाच्या पायांनी धावत मला ढकलायला लागले. पळत होते, धापा टाकत होते आणि ओरडत होते, "मागं बघू नगं! जा पळून!" भर रस्त्यात बाप लेकीला पळून जा म्हणून ओरडतोय, आणि आई मागून म्हणतेय, "सावकाश गं!"

मी जिवाच्या आकांतानं गेले. सांगलीत पोचले तेव्हा शिंदे तिसरी आली होती आणि मी बाद झाले होते.

तात्या पंचांसमोर उभे राहिले. "का बाद?"

"बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही, काका. तुम्ही ढकललंत."

"बाहेरचा कोन? मी बाप हाय तिचा!"

"नियमात बापही बाहेरचाच."

"आवं, लेकीला वाटं लावायचं काम आमच्यात बापानंच करायचं असतंय!" तात्यांचा आवाज चिरकला. पंच हसले, पण निकाल काही बदलला नाही.

घरी आलो. गुडघ्यावर आईनं हळद दाबली होती. ठरलं ते ठरलं, म्हणून मी स्वतःच सायकल माळ्याच्या शिडीशी नेली. फार रडू येत होतं. त्या धुक्यातल्या पुलावर पुन्हा जायचं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"खाली ठेव ती," तात्या म्हणाले.

"पन तात्या, पैल्या तिघीत..."

"खाली ठेव म्हन्लं न्हवं? चालव हवी तेवढी. जा कुटं जायचं तिकडं."

माझा ऊर भरून आला. म्हणजे तात्यांनी माझा वेग बघितला होता, माझी जिद्द बघितली होती! मी डोळे पुसत विचारलं, "तात्या, माझं पळून जानं तुमाला आवडलं न्हवं?"

"पळून जानं?" तात्यांनी मला खालून वर बघितलं. "बापानं अडवाया हात वर केला, तर हात सोडून टाटा करतीया! कुनी तुला पळवून न्हेलंच, तर घरावरनं जाताना हाक मारून सांगशील. मला तुझी काय बी काळजी ऱ्हायली न्हाई."

तेव्हापासून मी राज्यभर एकटी रेसला जाते आणि घरून कुणी चौकशीचा फोनसुद्धा करत नाही. मुलीच्या बावळटपणावर घरच्यांचा इतका गाढ विश्वास असायला नशीब लागतं!