शेठजींच्या मोटारीखालचा डाग

मी मोटारीखाली उताणा पडलो होतो आणि शेठजी वाकून माझ्या पायांशी बोलत होते.

"मिस्त्री, उद्या सकाळी सेंधव्याला पोचायचंय. पोराचं सगपण आहे. थेंबभर तेल गळतंय, त्यात एवढं काय बघता? नट आवळा न् द्या गाडी!"

पासष्टच्या आसपासची गोष्ट. धुळ्यात, देवपुरात माझं गॅरेज होतं. शेठजी शिरपूरचे, तेलगिरणीचे मालक. मोटार विलायती, दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमाराची. शिरपूरहून सेंधव्याला जाताना मध्ये बिजासनचा घाट लागतो, म्हणून मला त्या थेंबाचा भरवसा नव्हता.

गाडी गळते तेव्हा काय गळतंय ते आधी ओळखायचं. मी बोट लावलं. चिकट लागलं, म्हणजे पाणी नाही. रंग फिका. इंजिनचं वापरलेलं तेल काळंकुट्ट असतं. तरी शेठजींच्या ड्रायव्हरला, नथूभाऊला विचारलं.

"इंजिनमा तेल बराबर शे, मिस्त्री," तो म्हणाला. "मी रोज देखस."

म्हणजे इंजिनचं तेल नव्हे. डाग मागच्या डाव्या चाकाखाली होता. टायर आतल्या बाजूनं ओला. म्हणजे ब्रेक. ब्रेकच्या पायडलपासून चाकापर्यंत नळीतून ब्रेक ऑइल जातं. चाकाजवळ एक छोटा सिलिंडर असतो, त्यातल्या रबरी वाट्या ते तेल अडवून धरतात. वाटी गेली की तेल बाहेर, आणि पाय दाबला तरी गाडी आपल्या मर्जीनं थांबते.

"पायडल कसं लागतं?" मी विचारलं.

नथूभाऊनं शेठजींकडे पाहिलं. शेठजीच म्हणाले, "दोन-तीनदा मारलं की लागतं. येताना नरडाण्याला एक म्हैस जरा जवळ आली होती, एवढंच."

मी बोट नाकाशी नेलं. ब्रेक ऑइलचा वास उग्र असतो. हा वास खमंग होता. गाडीखाली पडल्या पडल्या मला भूक लागली.

मी बाहेर आलो, बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण काढलं. आत पिवळंधमक शेंगदाणा तेल.

"हे कोणी ओतलं?"

नथूभाऊ आभाळाकडे बघू लागला. शेठजींनी टोपी सारखी केली.

"ब्रेक ऑइल संपलं होतं, गावात मिळेना. आपल्याच गिरणीचं ओतलं. त्यात काय बिघडलं? आमच्या तेलात भेसळ नाही, मिस्त्री!"

"तीच पंचाईत झालीय. भेसळ असती तर रबर वाचलंही असतं."

चाक उतरवून ब्रेकचा ड्रम काढला. शेंगदाणा तेलानं रबरी वाट्या भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या फुगल्या होत्या. एक बदलून भागणार नव्हतं. तेल चारही चाकांपर्यंत पोचलं होतं. या गाडीची रबरं जळगावच्या एका दुकानात मिळायची. नथूभाऊ एस.टी.नं तिकडे गेला.

"घाटात हळूच जाऊ ना," शेठजींनी शेवटचा प्रयत्न केला.

"चढताना जाल. उतरताना काय कराल?"

किल्ली मी खिशात घातली. ते बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. मी मात्र नळ्या सोडवून स्पिरिटनं धुतल्या आणि ब्रेकचं तेलकट लायनिंग काढून नवं बसवलं.

नथूभाऊ चार वाजता परतला. रबरं बसवली, खरं ब्रेक ऑइल भरलं. मग नळ्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पायडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून स्क्रू सोडायचा. नथूभाऊ पायडलकडे निघाला. मी त्याला थांबवलं.

"तेल ज्यांनी ओतलं, ते दाबतील."

धोतराचा सोगा कमरेला खोचून शेठजी ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

"दाबा!... धरा!... सोडा! अहो, मी सांगितल्यावर सोडा!"

जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडलेला माणूस तासभर माझ्या हुकमावर पाय मारत होता. नथूभाऊ पाठ फिरवून हसत होता. पायडल दगडासारखं लागलं, तेव्हा दिवे लागले होते.

तीन दिवसांनी शेठजी परत आले. सेंधव्याहून परतताना घाटाच्या उतारात एका वळणावर बैलगाडी आडवी उभी होती. नथूभाऊनं ब्रेक दाबला आणि गाडी बैलांपासून हातभर अंतरावर उभी राहिली. पण शेठजी तक्रार घेऊन आले होते.

"इतका कडक ब्रेक कशाला केलात? शेजारी होणारे व्याही बसले होते, आमचं घर बघायला निघालेले. मी टोपीसकट त्यांच्या मांडीवर गेलो!"

"सगपण झालं का?"

"झालं."

त्या दिवसापासून गळणारी गाडी आली की मी खाली शिरण्याआधी मालकाला विचारायचो, की वरून काय काय ओतलंय. खरं उत्तर मात्र ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून कळायचं.